धुंडिराज गोविंद फाळके : शिक्षण चालू आहे

बीई झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आपल्याकडे तीनच उत्तरं मान्य आहेत. नोकरी, एमएस नाहीतर एमबीए. फार तर यूपीएससी हे चौथं. मी पाचवं उत्तर दिलं आणि घरात आठवडाभर शांतता पसरली. मला कम्युनिकेशन किंवा फिल्म प्रॉडक्शनमध्ये मास्टर्स करायचं आहे. सुरुवातीला मी नुसतं कम्युनिकेशन एवढंच म्हटलं होतं तेव्हा बाबा खूष होते. माझी ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, त्यामुळे पोरगा अँटेना आणि फायबरमध्येच पुढे शिकतोय असं त्यांना वाटलं. मग आईनं माहितीपत्रक उलगडून पाहिलं. त्यात कॅमेरा होता, पटकथा होती, एडिटिंग होतं. अँटेना कुठेच नव्हता.

आम्ही राहतो वरसाव्याला. अंधेरीजवळचं वर्सोवा नव्हे बरं का मित्रांनो! मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदर रोड जिथे एकमेकांना भेटतात आणि पुढे पुलावरून वसईची खाडी ओलांडावी लागते, ते हे वरसावे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला नॅशनल पार्कचे डोंगर. याच जंगलाच्या दक्षिणेच्या टोकाला, गोरेगावात, फिल्मसिटी आहे. ती १९७७ साली उभी राहिली आणि २००१ मध्ये तिला दादासाहेब फाळके चित्रनगरी असं नाव मिळालं. म्हणजे जंगलाच्या त्या टोकाला फाळके, या टोकाला मी, आणि मधे बिबटे.

फाळक्यांचं नाव घरात काढलं ते मामानं. त्याचा मुद्दा बिनतोड होता. फाळके कुठे गेले होते सिनेमाची डिग्री घ्यायला? अंगात गुण असेल तर डिग्री लागत नाही आणि गुण नसेल तर डिग्रीचा उपयोग नाही, म्हणजे दोन्हीकडून फी वाचते. बाबांना हे फारच पटलं. मला उत्तर सुचेना, म्हणून सबमिशनच्या धामधुमीतही फाळक्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. भारतीय चित्रपटाचे जनक, राजा हरिश्चंद्र, १९१३, एवढं आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं. पण राजा हरिश्चंद्र आला तेव्हा हा माणूस ४३ वर्षांचा होता, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग त्याआधीची वर्षं तो काय करत होता? तर शिकत होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. अशा घरातल्या मुलानं पुढे शास्त्री व्हावं, पोथी-पुराण सांभाळावं हे ठरलेलंच. म्हणजे त्या काळचं इंजिनिअरिंगच म्हणा ना. वडिलांना मुंबईत कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड मुंबईला आलं. तिथे १८८५ साली, पंधराव्या वर्षी, धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. चित्रकला शिकायला! शास्त्रीबुवांनी अडवल्याचं दिसत नाही. (हे वाक्य आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवण्यात आलं आहे.)

जे. जे. नंतर मोठ्या भावाच्या पाठोपाठ तो बडोद्याला गेला आणि तिथे कलाभवनात शिकू लागला. आता कलाभवन म्हटल्यावर रंगपेटी आणि फुलदाणी डोळ्यांसमोर येते, पण प्रकार वेगळा होता. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेली ती तांत्रिक शिक्षणाची संस्था होती आणि तिचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्याच कलाभवनातून पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी झाली. म्हणजे भारतीय चित्रपटाचे जनक चक्क आपल्या भाऊबंदांपैकी निघाले.

तिथे फाळके काय काय शिकले याची यादी वाचून मला आपल्या सिलॅबसची दया आली. तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुकला. शिवाय फोटोग्राफी, म्हणजे केवळ फोटो काढणं नव्हे तर काच धुण्यापासून कागदावर छापण्यापर्यंत सगळं. पुढे हाफटोन ब्लॉक आणि फोटो-लिथोग्राफी. हाफटोन ब्लॉक म्हणजे फोटोतल्या करड्या छटांचे बारीक-मोठे ठिपके करून तो धातूच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरायचा, म्हणजे एकाच काळ्या शाईत छटा उमटतात. डिजिटल इमेज प्रोसेसिंगच्या पेपरात आपण हाफटोनिंग पाच मार्कांसाठी लिहितो. या माणसानं ते हातानं केलं. तीन रंगांच्या छपाईचं तंत्र नीट कळावं म्हणून गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवलं. प्राचार्यानं विद्यार्थ्याचा कल ओळखून त्याला स्वतःहून दुसऱ्या गावी धाडायचं, हे वाचताना मी जरा थांबलो. अहमदाबादच्या १८९२ च्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलसाठी फाळक्यांना सुवर्णपदकही मिळालं.

इथपर्यंत सगळं छान. आता मार्कशीट नसलेली वर्षं येतात.

गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा थाटला. तिथे प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेली. ते बडोद्याला परतले, पुन्हा स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो अशी लोकांची समजूत. कुणी फोटोला बसेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. १९०१ च्या सुमारास बडोद्याला एक जर्मन जादूगार आला होता, त्याच्याकडून हातचलाखी आणि जादूचे प्रयोग शिकून घेतले. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. आपल्या भाषेत सांगायचं तर सेटल झाले. पण स्वदेशीच्या वाऱ्यात ती नोकरीही सोडली, आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्म्याच्या देवादिकांच्या रंगीत चित्रांचा छापखाना तिथून जवळच, मळवलीला होता. त्याचं फोटो-लिथोचं काम फाळक्यांकडे येई. नंतर कारखाना दादरला आला, नवा भागीदार मिळाला, १९०९ मध्ये फाळके रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा चांगला चालला आणि भागीदारांत बिनसलं. फाळके हात हलवत बाहेर पडले. वय चाळिशीच्या पुढे, पदरी बायकोमुलं आणि उत्पन्न शून्य.

आता कुठलाही सिव्ही तज्ज्ञ हा बायोडाटा बघून काय म्हणेल? चित्रकार, फोटोग्राफर, पडदे रंगवणारा, जादूगार, ड्राफ्ट्समन, छापखानेवाला. एकाही ठिकाणी टिकला नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला पहिल्या राउंडमध्येच बाहेर.

या रिकामपणाच्या काळातच, १९१०-११ च्या सुमाराला, गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांना तिथे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसू लागली. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते आणि लगेच पुढच्या वाक्यात राजा हरिश्चंद्र येतो. मला मात्र मधल्या वर्षाचं जास्त कौतुक वाटतं. त्यांनी मिळतील ते सिनेमे रोज पाहायला सुरुवात केली. एक लहान कॅमेरा आणि फिल्मची रिळं आणून घरीच मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर चित्रं पाडायचे प्रयोग केले. पुस्तकं, कॅटलॉग मागवले. लंडनच्या बायोस्कोप नावाच्या सिनेमाविषयक साप्ताहिकाची वर्गणी भरली. झोप नाही, डोळ्यांना विश्रांती नाही. शेवटी डोळे इतके बिघडले की दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार प्रकारच्या चष्म्यांनी दृष्टी परत आली आणि गृहस्थ पुन्हा भिंतीसमोर! घरात ही अवस्था असताना नातेवाइकांनी काय म्हटलं असेल, याची कल्पना करायला मला मुळीच त्रास होत नाही.

पण एवढं करून त्यांच्या ध्यानात आलं की काही गोष्टी वाचून येत नाहीत, त्या पाहायलाच हव्यात. यंत्रं आणायचीच आहेत, तर कामही पाहून यावं. पैसे कुठून आणायचे? स्वतःच्या आयुर्विम्याच्या १२ हजारांच्या पॉलिसी गहाण टाकून १० हजार रुपये उभे केले. मित्रांनो, आपण एज्युकेशन लोनला घाबरतो. हे लोन तर त्यांनी आपल्या मरणाच्या तारणावर काढलं होतं!

१ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. ओळख अशी एकच, बायोस्कोपची वर्गणी. सरळ त्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादकांना भेटले. संपादकांनी आधी नाउमेद केलं. इंग्लंडमध्येच कितीजण या धंद्यात बुडाले ते सांगितलं, हिंदुस्थानच्या हवेत फिल्मचं कसं होणार अशी शंकाही काढली. पण समोरचा माणूस हलेना म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे चिठ्ठी दिली. वॉल्टन इथं हेपवर्थचा स्टुडिओ होता. फाळक्यांना सगळे विभाग आणि त्यांचं काम पाहायची मोकळीक मिळाली. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्च्या फिल्मची आणि फिल्मला भोकं पाडायच्या यंत्राची ऑर्डर दिली, आणि १ एप्रिल १९१२ ला ते मुंबईत परत हजर. बोटीचा प्रवास वजा केला तर लंडनमधलं त्यांचं शिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचं.

मामाचा मुद्दा इथे खरा ठरतो असं क्षणभर वाटलं. दोन आठवड्यांत सिनेमा! मग दोन-तीन वर्षांचे कोर्स कशाला? पण नीट विचार केला तर हिशेब उलटा आहे. दोन आठवडे पुरले, कारण त्याआधी पंचवीस वर्षं झाली होती. डार्करूमची रसायनं त्यांना पाठ होती. देखावे रंगवता येत होते. रविवर्म्याची चित्रं छापून देव कसे दिसतात, कुठले दागिने, कसा मुकुट हे डोळ्यांत बसलं होतं. माणूस पडद्यावरून अदृश्य करायचा असेल तर जादूगाराची दृष्टी होती. भिंग, प्रकाश, एक्स्पोजर यांच्याशी तर अर्धं आयुष्य गेलं होतं. त्या फसलेल्या धंद्यांपैकी एकही वाया गेला नव्हता. हेपवर्थकडे त्यांनी पाहिलं ते एवढंच, की हे सगळे सुटे भाग एकमेकांना कसे जोडायचे. आपल्याकडे प्रोजेक्टच्या शेवटी इंटिग्रेशन नावाचा टप्पा असतो ना, तोच.

परत आल्यावर फाळक्यांनी दादरला बिऱ्हाड केलं आणि घराचाच स्टुडिओ झाला. इथून पुढची गोष्ट एकट्या फाळक्यांची राहत नाही, ती सरस्वतीबाईंचीही आहे. या त्यांच्या दुसऱ्या पत्नी, १९०२ मध्ये लग्न झालेल्या. त्या काळी कच्ची फिल्म भोकांशिवाय येई. अंधाऱ्या खोलीत बसून यंत्रानं दोन्ही कडांना भोकं पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई रात्री करत. मी गणित मांडून पाहिलं. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, चौकटीला प्रत्येक कडेला ४ भोकं, म्हणजे फुटाला १२८. राजा हरिश्चंद्रची लांबी ३७०० फूट. भोकं झाली ४ लाख ७३ हजार ६००. ही फक्त तयार सिनेमापुरती. वाया गेलेली फिल्म आणि दाखवायच्या प्रती वेगळ्या. एखादं भोक सरकलं की पडद्यावर चित्र नाचणार. शिवाय डेव्हलपिंगची रसायनं कालवणं, शूटिंगला उन्हात पांढरी चादर धरून चेहऱ्यावर उजेड टाकणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. आजच्या भाषेत लॅब, लाइटिंग आणि कॅटरिंग अशी तीन खाती एकाच बाईकडे. श्रेयनामावली असती तर त्यांचं नाव किती वेळा आलं असतं!

पैसे मिळवायलाही आधी काहीतरी करून दाखवायला हवं होतं. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि महिनाभर ठराविक वेळानं एकेक चौकट टिपत गेले. सगळी फिल्म सलग फिरवल्यावर जेमतेम मिनिटभरात दाण्यातून कोंब आला, वाढला, वेल झाला. आज मोबाइलमध्ये टाइमलॅप्स नावाचं बटण आहे. तेव्हा हे बघून सावकार मित्र थक्क झाले आणि कर्ज मिळालं. ही छोटी फिल्म अंकुराची वाढ या नावानं ओळखली जाते. डेमो कसा असावा याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. प्रोजेक्ट प्रेझेंटेशनला चाळीस स्लाइड दाखवणाऱ्यांनी विचार करावा.

मग नटांचा शोध. सिनेमात काम करणं इतकं कमी प्रतीचं समजत की बायका सोडाच, बरे पुरुषही येईनात. तारामतीसाठी कोणीच स्त्री तयार झाली नाही. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत चहा-जेवण देणारा साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा तरुण दिसला. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत होते, फाळक्यांनी पंधरा कबूल केले आणि तारामती मिळाली. हरिश्चंद्र झाले दबके, आणि रोहिदासाच्या कामाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र, कारण स्मशानात मरणाऱ्या मुलाचं काम दुसरं कोण आपल्या पोराला करू देणार? कॅमेरा चालवायला त्र्यंबक तेलंग या मित्राला तयार केलं. नटांना लोक विचारत, कुठे कामाला आहेस? तेव्हा हरिश्चंद्राच्या कारखान्यात आहे असं सांगावं अशी फाळक्यांनी सोय करून दिली होती. कारखाना म्हटलं की मान. (बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.)

बाहेरचं शूटिंग झालं कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला. आपल्या लोकलच्या नकाशातलंच गाव! ढाल-तलवारी घेतलेली ही मंडळी बघून गावकऱ्यांना दरोडेखोरांची टोळी वाटली आणि पोलीसपाटलापर्यंत प्रकरण गेलं. पेट्या उघडून, कॅमेरा चालवून दाखवल्यावर सुटका झाली. आमच्या घोडबंदर रोडला सीरियलच्या जनरेटर व्हॅन जाताना आम्ही मान वळवूनही बघत नाही, त्यामुळे हा प्रसंग वाचताना मजा वाटली.

सहा महिने सत्तावीस दिवसांनी चार रिळांचा सिनेमा तयार झाला. २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांसाठी ऑलिम्पिया थिएटरात खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो सर्वांना खुला झाला. काही अभ्यासक दादासाहेब तोरणे यांच्या १८ मे १९१२ ला लागलेल्या पुंडलिकला पहिलेपणाचा मान देतात. पण ते रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा इंग्रज माणसानं चालवला होता आणि प्रक्रिया परदेशात झाली होती. भोकं पाडण्यापासून पडद्यापर्यंत सगळं इथंच केलं ते फाळक्यांनी. माझं मत फाळक्यांच्या बाजूला, पण तोरण्यांवर वेगळा लेख व्हायला हवा हेही खरं.

पुढची काही वर्षं जोरात गेली. बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलली. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि स्त्रीभूमिकेला स्त्री मिळाली. १९१४ मध्ये फाळके आपले सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. दोन वर्षांपूर्वी ज्या हेपवर्थकडे ते पाहुणे शिकाऊ होते, त्यानंच त्यांना आपल्याकडे पगारावर राहायला सांगितलं. फाळक्यांनी नकार दिला. नाशिकला माणसं पगाराची वाट बघत होती. तेवढ्यात महायुद्ध पेटलं, इथले भांडवल देणारे मागे सरले आणि पुन्हा कर्ज, पुन्हा सरस्वतीबाईंचे दागिने. १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही केली, तीत ते स्वतः काम करताना दिसतात. एक प्रकारे आपल्याकडचा सिनेमाचा पहिला वर्गच तो. त्याच वर्षी लंकादहन आला. साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता दोघांचंही काम केलं. तिकिटांची नाणी पोत्यात भरून, बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली असं सांगतात. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. तो जरूर बघा. सुरुवातीला तिचा नुसता चेहरा दिसतो, एकामागून एक भाव बदलत जातो, आणि मग ती कृष्ण होते.

मामासाठी मी इथे गोष्ट थांबवू शकलो असतो. पण अर्धीच सांगितली तर ती जाहिरात होईल.

१९१८ मध्ये मुंबईच्या धनिकांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवलाची चिंता मिटली आणि भागीदारांशी खटके सुरू झाले. दादरच्या छापखान्याचाच दुसरा भाग. हिशेब, खर्च, शिस्त यावरून वाद झाले आणि फाळके सगळं सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथे रंगभूमी नावाचं नाटक लिहिलं. काही वर्षांनी परत कंपनीत आले, सिनेमे काढत राहिले, पण ती पहिली मजा राहिली नव्हती. मला वाटतं, यंत्र त्यांना जितकं कळत होतं तितका भागीदार कळला नाही. पंचवीस वर्षांत ते सगळं शिकले, हिशेबाची वही तेवढी राहिली. आजच्या फिल्म प्रॉडक्शनच्या कोर्सला बजेट, करार, वितरण हे विषय का असतात, हे माहितीपत्रक वाचून कळलं नव्हतं. फाळके वाचून कळलं.

माझी माहिती ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये प्रभात कंपनीच्या जुन्या जागेत सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन या तीन वर्षांच्या कोर्सेसना कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. ध्वनीच्या कोर्सला बारावीला फिजिक्स लागतं, म्हणजे तिथे आपण जन्मजात पात्र! आयआयटी मुंबईच्या आयडीसीत ॲनिमेशन, कम्युनिकेशन डिझाइनचं मास्टर्स आहे, त्याला सीड ही परीक्षा. मुंबई आणि पुणे विद्यापीठांत कम्युनिकेशनचे एमए-एमएस्सी आहेत. सिग्नल्स अँड सिस्टिम्स, मायक्रोफोन, सेन्सर, कॉम्प्रेशन हे ज्यानं चार वर्षं घोकलं त्यानं तिथे बिचकायचं कारण नाही. मी ध्वनीचा फॉर्म भरणार आहे. घरात एवढं ठरलंय की फीचा अर्धा भाग बाबा देतील, अर्ध्याला लोन, आणि प्रवेश नाही मिळाला तर एक वर्ष नोकरी करून पुन्हा प्रयत्न. मामा म्हणतो, निदान विमा गहाण टाकू नकोस.

फाळक्यांना बोलपटानं गाठलं. १९३१ मध्ये आलम आरा आला आणि मूकपटाची दुकानं एकामागून एक बंद होऊ लागली. त्यांचा सेतुबंधन मुका तयार झाला होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. मग कोल्हापूर सिनेटोनसाठी, सदुसष्टाव्या वर्षी, ते पुन्हा एकदा नव्यानं शिकायला बसले. माइक कुठे लपवायचा, नट कुठे उभा करायचा, कॅमेऱ्याचा आवाज कसा झाकायचा हे प्रश्न आता होते. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव मुळात बोलपट म्हणून काढलेला सिनेमा, आणि शेवटचाही. त्यानंतर नाशिक, आजारपण आणि पैशाची ओढाताण.

राजा हरिश्चंद्रच्या चार रिळांपैकी पहिलं आणि चौथं एवढंच आज उरलं आहे, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात. तेसुद्धा १९१३ चं नसावं, मूळ प्रत नष्ट झाल्यावर फाळक्यांनी १९१७ मध्ये तोच सिनेमा पुन्हा चित्रित केला त्यातलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. पहिल्यांदा लागलेले ते सहा महिने सत्तावीस दिवस, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि सिनेमा काढायला सरकारी परवाना लागे. नाशिकहून फाळक्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. डोक्यात नवा सिनेमा होता. अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते वारले. तेव्हा त्यांना चौऱ्याहत्तरावं वर्ष चालू होतं.